बाबा, सही आत्ता जशी येते तशीच करा

आई, बाबा, सा. न.

तिकडं पुण्यात ताईचं बाळ रात्री झोपत नाही म्हणे, मग आईची पण झोप गेली असणार. मी बराय, डबा लावलाय, काळजी नको. बाबा फोनवर सारखं बँकेचं काय झालं विचारतात आणि मी होईल होईल म्हणून टाळतो, कारण सांगायला लागलो की बाबा चिडतात आणि आई मधेच जेवलास का विचारते आणि मूळ मुद्दा राहतो बाजूला. म्हणून लिहूनच टाकतो.

कर्जाचा हप्ता कमी करायची फाईल बाबांच्या सहीवर अडकलीय.

आधी माझी चूक सांगतो. ऑक्टोबरात मी साध्या कागदावर हप्ता कमी करून द्या असं लिहून शाखेत दिलं आणि पोच पण घेतली नाही. तो कागद दोन महिने कुठं होता देव जाणे. दर वेळी अर्धा दिवस रजा टाकून जायचो आणि एकेक कागद कमी निघायचा, एकदा पगाराची स्लिप, पुढच्या खेपेला घरपट्टीची पावती. शेवटी लोनच्या टेबलावरच्या मॅडमनीच सांगितलं की शाखेत काही ठरत नाही, फाईल लोन सेंटरला जाते आणि रिक्वेस्ट नंबर पडल्याशिवाय तिथं कुणी बघत नाही. मॅडम वाईट नाहीत ओ, एकट्या तीन टेबलं सांभाळतात. मग सगळे कागद एकदम नेले, सहा महिन्यांच्या स्लिपा, स्टेटमेंट, ओव्हरटाइम बंद झाल्याचं कारखान्याचं पत्र, पोचेवर शिक्का घेतला, नंबर घेतला, आणि दर सोमवारी तोच नंबर टाकून मेल करतो. आठ दिवसांत फाईल हलली. आता लेखी तक्रार करून तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं ऑनलाइन जाता येतं, पण तिथवर जायची वेळ येऊ नये.

बाबा, तुम्ही म्हणता घेतलंय ते फेडायचं, बँकेपुढं हात कशाला पसरायचे. हात पसरणं नाही हे. आपलं कर्ज 2018 चं, जुन्या एमसीएलआरवालं, म्हणजे बँक स्वतःच्या खर्चावरून दर ठरवते ते. 2025 मध्ये रेपो, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दरानं पैसे देते तो, साडेसहावरून सव्वापाचवर आला तरी आपला दर नऊच. रेपोवाल्या कर्जात गेलो तर आठ पडेल असं मॅडम म्हणाल्या, बदलायची थोडी फी आहे. पण 14 लाख बाकीवर एक टक्क्यानं महिन्याला साडेसातशेच वाचतात, म्हणून दहा वर्षांची मुदत पंधरा करायला मागितली. हप्ता 17,700 वरून 13,400 वर येतो. फुकट नाही हे, शेवटपर्यंत असाच भरला तर एकूण पावणेतीन लाखांच्या वर जास्त जातील, लपवत नाही. पण फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या दराच्या कर्जाला आधी पैसे भरले तर दंड नसतो, टॉवेलच्या ऑर्डरी परत सुरू झाल्या की मी वरचे भरत जाईन. 2025 च्या ऑगस्टात अमेरिकेनं 50 टक्के टॅरिफ लावल्यापासून एमआयडीसीत निम्मे माग रात्रीचे बंद असतात, तुम्हाला वेगळं काय सांगायचं, तुमचा जन्म त्याच आवाजात गेलाय.

हप्ता एकही चुकवलेला नाही. डिसेंबरचा भिशी उचलून भरला. हे आत्ताच सांगतोय, आई रागावू नकोस. एक दिवस जरी थकला तरी खात्यावर शेरा पडतो आणि मग असा अर्ज करायला तोंड राहत नाही.

आता सहीचं. मॅडमनी स्क्रीन माझ्याकडं फिरवून दाखवली. वर 2018 ची तुमची सही, शेवटी ती लांब शेपटी आणि खाली दोन टिंबं. खाली आत्ताच्या फॉर्मवरची, शेपटी निम्म्यात थरथरून थांबलीय आणि टिंबं नाहीतच. जुळत नाही म्हणून परत आली.

आणि काल कॅलेंडर बदलताना मागच्या पानावर तुमच्या सह्या दिसल्या. सतरा मोजल्या. पुण्याला जायच्या आदल्या रात्री सराव करत बसला होतात ना? मला वाटलं शब्दकोडं सोडवताय.

बाबा, जुनी सही काढू नका. ताईबरोबर पुण्यातल्या शाखेत जा, आधार, पॅन आणि एक फोटो न्या, सही बदलायचा फॉर्म मागा. तिथल्या साहेबांसमोर हात चालेल तशी करा, ते शिक्का मारून देतील, मग तीच सही लोनच्या कागदांवर. पेन्सिलीच्या फुल्या मी केल्यात, पाच जागा. निळ्या शाईनं. ओरिजिनल कुरिअरनं पाठवा, फोटो चालत नाही.

गड्ड्याच्या जत्रेच्या आत इकडं सोलापूरला याल ना? आज पहाटे पाणी आलं, टाकी आणि दोन्ही पिंप भरून ठेवलेत. शेंगाचटणी ताईला कुरिअरनंच पाठवतो, डबा परत आणा.

तुमचा,
धाकटा