हर्क्युलिसही अमेरिकनच होता : सचिव डग बर्गम यांना खुले पत्र

मा. डग बर्गम,
सचिव, अंतर्गत विभाग, अमेरिका

स. न. वि. वि.

फिलाडेल्फियात सिक्स्थ आणि मार्केट स्ट्रीटच्या कोपऱ्यावर, लिबर्टी बेल ही ऐतिहासिक घंटा ठेवलेल्या दालनाच्या दाराशीच, जॉर्ज वॉशिंग्टन अध्यक्ष असताना राहत त्या घराची जागा आहे. २००७च्या खोदकामात तिथल्या स्वयंपाकघराचा पायाही सापडला. तिथे रांधणारा हर्क्युलिस पोझी वॉशिंग्टन यांचा गुलाम होता.

अध्यक्ष ट्रम्प यांच्या २७ मार्च २०२५च्या आदेशानंतर, राष्ट्रीय उद्यानं आणि अशी स्मारकं सांभाळणाऱ्या तुमच्या विभागाने स्मारकांवरचा मजकूर तपासायला घेतला. पूर्वीच्या किंवा हयात अमेरिकनांची अनुचित नालस्ती नको, असं आदेश म्हणतो. मान्य. पण मग हर्क्युलिस कोण होता?

फिलाडेल्फिया ज्या राज्यात आहे त्या पेनसिल्व्हेनियाच्या १७८०च्या कायद्याने, बाहेरून आणलेला गुलाम राज्यात सलग सहा महिने राहिला की त्याला सुटका मागता येई. ती मुदत भरू नये म्हणून वॉशिंग्टन आपल्या गुलामांना मध्येच राज्याबाहेर पाठवत. हे अशा निमित्ताने करा की त्यांनाही आणि लोकांनाही खरं कारण कळू नये, असं त्यांनी १२ एप्रिल १७९१ला आपले चिटणीस टोबायस लिअर यांना कळवलं. हे त्यांचंच पत्र आहे, कुणा टीकाकाराने रचलेलं नाही. ते जसंच्या तसं फलकावर लावलं तर त्यात कसली नालस्ती?

हर्क्युलिस नावाजलेला आचारी होता. स्वयंपाकघरातलं उरलंसुरलं विकून तो वर्षाला शंभर-दोनशे डॉलर मिळवी, रेशमी कपडे घालून, सोन्याच्या मुठीची काठी घेऊन फिरायला निघे, असं वॉशिंग्टन यांच्या पत्नी मार्था यांच्या नातवाने लिहून ठेवलंय. एवढं सुख असताना पळाला कशाला, असं विचारणारे आजही भेटतात. त्यांनी पुढचं वाचावं. १७९६च्या अखेरीस त्याला माउंट व्हर्नन या वॉशिंग्टन यांच्या व्हर्जिनियातल्या मळ्यावरच ठेवलं आणि या आचाऱ्याला विटांसाठी माती खणायला जुंपलं. २२ फेब्रुवारी १७९७ला, वॉशिंग्टन यांच्या पासष्टाव्या वाढदिवशी, तो निसटला.

काही आठवड्यांनी तिथे आलेल्या एका पाहुण्याच्या नोकराने हर्क्युलिसच्या लहान मुलीला विचारलं, बाबा पुन्हा दिसणार नाहीत म्हणून वाईट वाटत असेल ना? ती म्हणाली, उलट आनंद आहे, ते आता मुक्त आहेत. त्याच वर्षी नोव्हेंबरात वॉशिंग्टन यांनी लिहिलं, की पुन्हा गुलाम विकत घ्यायचा नाही हा निश्चय आचारी पळाल्यामुळे मोडावा लागेलसं दिसतं.

आमची मागणी एवढीच. लिअर यांना लिहिलेलं ते पत्र आणि हर्क्युलिसची ही हकिगत त्या जागेवर काटछाट न करता वाचायला मिळावी. तो १८१२ साली न्यूयॉर्कमध्ये वारला, हे संशोधकांनी २०१९मध्ये शोधून काढलं, तेही लिहावं. आणि रिचमंड, एव्ही, डेलिया या त्याच्या मुलांबद्दलही लिहावं. मार्था यांच्या पहिल्या पतीच्या मालमत्तेत त्यांची गणना होती, त्यामुळे वॉशिंग्टन यांच्या मृत्युपत्राने त्यांच्या स्वतःच्या गुलामांना मुक्ती मिळाली तरी ही मुलं गुलामच राहिली.

आपला,
फिलाडेल्फियातील एक मराठी रहिवासी