गोळी आपली, नदी माशांची

उप्साला, स्वीडन

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

"तुमच्याकडचे मासे गोळ्या खाऊन टाईट असतात म्हणे!" असं म्हणून फोनवर तू खो-खो हसलास. बातमी तशीच छापली असेल तर तुझा काय दोष! पण तू मेडिकलवाला. तुला नीट सांगायलाच हवं.

आमच्या गावातून फीरिस नदी वाहते. उमेओ विद्यापीठाच्या लोकांना तिच्यात ऑक्साझेपाम, म्हणजे घबराटीवरचं औषध, सापडलं. तिथल्या पर्च माशांच्या मांसातसुद्धा. मग त्यांनी टाकीतल्या पाण्यात लिटरला १.८ मायक्रोग्रॅम एवढंच ते घालून पर्च सोडले. मासे चळवळे झाले, भराभर खाऊ लागले आणि घोळक्यापासून फटकून राहू लागले. ही २०१३ सालची गोष्ट. माणसाला शांत करणारी गोळी माशाला चळवळ्या कशी करते? अरे, भीती गेली की भित्रा जीव हिंडायला लागतो! मेंदूत ही औषधं जिथे काम करतात ते गाबा रिसेप्टर माशालाही आहेतच. पेशंटच्या लघवीतून औषध गटारात, तिथून शुद्धीकरण केंद्रात. ती केंद्रं मैला काढायला बांधलेली. अशी औषधं बरीचशी त्यातून निसटतात.

तू वाचलंस ते २०२५ सालचं. इथल्या डाल नदीत सॅमन माशाची पिल्लं सोडली. काहींच्या अंगात हळूहळू पाझरणारं क्लोबाझाम (फिटच्या पेशंटला देतोस तेच), काहींच्या ट्रॅमाडॉल (दुखण्यावरचं), काहींच्या दोन्ही, काही बिनऔषधाची. माग काढायला प्रत्येकात ट्रान्समीटर. क्लोबाझामवाली पिल्लं बाल्टिक समुद्रापर्यंत जास्त संख्येने पोचली, वाटेतली दोन जलविद्युत धरणंही लवकर ओलांडून गेली.

मग झालं की चांगलंच, म्हणशील. इथेही काहीजण तसंच म्हणाले, आणि माझं डोकं फिरलं. प्रयोगशाळेत याच औषधाने पिल्लांची घोळक्याने राहण्याची रीत बदलली होती. शिकारी मासा समोर असताना एकमेकांना चिकटून राहायचं, तर ही पांगलेली! समुद्रात त्यांना गिळणारे कमी आहेत का? शिवाय अंडी घालायला उलट नदीत यायचं, ते वेगळंच.

आपल्या पंचगंगेत मेलेल्या माशांचा खच तरंगला की बोंब होते, पाण्याचे नमुने जातात, फोटो छापून येतात. हा मासा मेलेलाच नाही. ठणठणीत आहे, पोट भरलेलं आहे, फक्त वागतो भलतंच. त्याचा पंचनामा कोण करणार?

इथे उरलेल्या गोळ्या औषधाच्या दुकानात परत घेतात. लघवीतून जाणाऱ्यावर तो इलाज नाही, पण गोळ्या संडासात ओतणं तरी टळतं. तूही एक डबा ठेव असं म्हणणार होतो. पण भरल्यावर तो न्यायचा कुठे, हे तू आधी विचारशील. तुमच्या केमिस्ट असोसिएशनच्या मीटिंगमध्ये विषय काढ आणि कोण काय म्हणालं ते सविस्तर कळव. शिव्या पडल्या तर त्याही.

काकूंना नमस्कार, वहिनींना आठवण सांग.

तुझा,
अविनाश