नोंदणीचे पैसे घेऊन नोटरीचा कागद दिल्याबाबत तक्रार

दिनांक : १८ ऑगस्ट २०२५

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,
पुणे कार्यालय

विषय : भाडेकराराची नोंदणी न करता नोंदणीखर्च आकारल्याबाबत.

महोदय,

आपल्या कंपनीमार्फत मी कोथरूड येथील एक वन बीएचके सदनिका १ जून २०२५ पासून अकरा महिन्यांसाठी भाड्याने घेतली आहे. दरमहा भाडे ₹१५,०००, अनामत रक्कम ₹४५,००० आणि आपले सेवाशुल्क एका महिन्याच्या भाड्याइतके ठरले होते. त्या रकमा मी वेळेवर भरल्या आहेत व त्यांविषयी माझे काही म्हणणे नाही. माझी तक्रार ‘करारनामा व नोंदणी खर्च’ या नावाखाली आपण वेगळ्या घेतलेल्या ₹४,२०० विषयी आणि त्यांच्या बदल्यात माझ्या हाती आलेल्या कागदाविषयी आहे.

दिनांक ३० मे रोजी संध्याकाळी आपले प्रतिनिधी इमारतीच्या फाटकापाशी आले आणि स्कूटरच्या सीटवर कागद ठेवून त्यांनी माझ्या सह्या घेतल्या. पाचशे रुपयांचा स्टॅम्प पेपर, त्यामागे पाच टंकलिखित पाने आणि शेवटच्या पानावर नोटरीचा लाल गोल शिक्का, असे त्याचे स्वरूप होते. शिक्का माझ्या सहीच्या आधीच मारलेला होता, याचे मला त्या वेळी नवल वाटले. पण स्वतःच्या नावावर घर भाड्याने घेण्याची ही माझी पहिलीच वेळ असल्याने असेच होत असावे, असे समजून मी गप्प बसले. त्या रात्री माझ्या वडिलांनी सांगलीहून फोनवर पहिला प्रश्न विचारला तो ‘अंगठा घेतला का?’ असा. शेतजमिनीच्या व्यवहारांमुळे दुय्यम निबंधक कार्यालयाच्या, म्हणजे दस्त नोंदवताना अंगठ्याचे ठसे घेतले जातात त्या कार्यालयाच्या, पायऱ्या त्यांनी अनेकदा चढल्या आहेत. आता सगळे ऑनलाइन असते, असे उत्तर मी त्यांना मोठ्या आत्मविश्वासाने दिले.

जुलै महिन्यात गृहनिर्माण संस्थेच्या सचिवांनी भाडेकरूंच्या करारप्रती मागवल्या. मी दिलेली प्रत त्यांनी चष्मा लावून शेवटच्या पानापर्यंत उलटली, दोन्ही पक्षांची छायाचित्रे व अंगठ्यांचे ठसे शोधले आणि ‘इंडेक्स टू (नोंदणी झाल्याचा उतारा) कुठे आहे?’ असे विचारून ती परत केली. बँकेत पत्ता बदलण्यासाठी गेले, तेव्हा तेथेही नोंदणीकृत करारच मागितला गेला. त्यानंतर आपल्या ग्राहक सेवेकडे मी तीन वेळा विचारणा केली व तिन्ही वेळा ‘करार अकरा महिन्यांचा असल्यामुळे नोंदणीची गरज नाही’ असे एकच उत्तर मिळाले.

हे उत्तर चुकीचे आहे. एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची करणाऱ्या नोंदणी अधिनियम, १९०८ मधील तरतुदीवरून अकरा महिन्यांचा हा समज रुजला असावा. परंतु महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार आपल्या राज्यात लिव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे घर ठरावीक काळ वापरू देण्याचा माझ्यासारखा करार, लेखी असणे व नोंदवलेला असणे बंधनकारक आहे, मग त्याची मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी त्याच कलमाने घरमालकावर टाकलेली असून, कसूर झाल्यास तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा ₹५,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. माझे घरमालक सत्तरी ओलांडलेले गृहस्थ असून नाशिकला राहतात. ‘कंपनीने सगळे केले आहे’ या समजुतीत ते निर्धास्त होते, आणि त्यांच्याकडूनही आपण नोंदणीच्याच नावाखाली ₹२,००० घेतल्याचे त्यांनी मला सांगितले. म्हणजे पैसे दोघांकडून घेऊन आपण एकाला कागदपत्राविना ठेवले आणि दुसऱ्याला त्याच्या नकळत कायद्याच्या कचाट्यात नेऊन बसवले. मला यातली दुसरी गोष्ट अधिक लागली.

खर्चाचा हिशोबही मी करून पाहिला. मुद्रांक शुल्क एकूण भाडे व अनामत रकमेवरील दहा टक्के दराचे व्याज यांच्या बेरजेवर ०.२५ टक्के दराने लागते. अकरा महिन्यांचे भाडे ₹१,६५,००० आणि व्याज ₹४,१२५ धरल्यास ते सव्वाचारशे रुपयांच्या आसपास येते, तर महानगरपालिका क्षेत्रातील नोंदणी शुल्क ₹१,००० आहे. घरी येऊन अंगठे घेणाऱ्या माणसाचा मेहनताना आपण अवश्य घ्यावा. परंतु जे काम झालेच नाही, त्याचा मेहनताना कशासाठी?

तरी हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांच्या आत, आमच्याकडून कोणतीही वाढीव रक्कम न घेता, घरमालक व मी अशा दोघांच्या सोयीच्या दिवशी बायोमेट्रिक पद्धतीने कराराची रीतसर नोंदणी करून द्यावी व इंडेक्स टूसह नोंदणीकृत प्रत आम्हा दोघांना द्यावी. ते शक्य नसल्यास माझे ₹४,२०० आणि घरमालकांचे ₹२,००० परत करावेत, म्हणजे नोंदणी आमची आम्ही करून घेऊ. नोंदणीची गरज नसल्याचे उत्तर कोणत्या आधारावर दिले, याचा लेखी खुलासाही मला हवा आहे. या मुदतीत कार्यवाही न झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवून, ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये सेवेतील त्रुटी व अनुचित व्यापारी प्रथा या कारणांवरून मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन. कृपया यापुढील उत्तर दूरध्वनीवर न देता लेखी द्यावे.

सोबत आपल्या बिलाची प्रत, नोटरी केलेल्या कागदाची प्रत आणि ग्राहक सेवेच्या तिन्ही उत्तरांच्या छापील प्रती जोडल्या आहेत.

आपली विश्वासू,
(स्वाक्षरी)
भाडेकरू, कोथरूड, पुणे

प्रत माहितीसाठी : घरमालक, नाशिक