नावं विचारायची राहून गेली

बहीण गेली, दाजी तर आधीच गेलेले. भाची सात वर्षांची असताना आमच्या घरी आली. अशा मुलांसाठी बाल संगोपन योजनेतून महिन्याला २,२५० रुपये मिळतात, हे मला तहसीलच्या रांगेत मागे उभ्या असलेल्या एका ताईंनी सांगितलं. ताई, तुमचे आभार.

बाल कल्याण समितीसमोर गेलो तेव्हा पोर माझ्या पदराआड लपली होती. समितीतल्या एक मॅडम खुर्चीवरून उठून तिच्याशेजारी बाकावर बसल्या. आईचा विषयच काढला नाही. डब्यात काय आवडतं, एवढंच विचारलं. "साबुदाण्याची खिचडी," ती म्हणाली. कितीतरी दिवसांनी ती परक्या माणसाशी बोलली होती. मॅडम, तो क्षण मी जन्मभर विसरणार नाही.

मृत्यू दाखल्यावरची नावातली चूक दुरुस्त होईपर्यंत माझ्यासोबत तीन खेपा घालणारे कार्यकर्ते दादा, आणि कागदांचा गठ्ठा बघून झेरॉक्सचे पैसे न घेणारे काका, तुमचेही मनापासून आभार.

पोर आता पाचवीत आहे. रविवारी साबुदाणा तीच भिजत घालते.