सौभद्र, एक टीव्हीवरचा पिक्चर आणि तुझं लग्न

प्रिय पक्या,

व्हॉट्सॅपवर तीनदा लिहिलं आणि डिलीट केलं, म्हणून आता सरळ पत्रच लिहितोय, शेवटपर्यंत वाच.

रविवारी दुपारी पाऊस धो धो, मी आणि आई टीव्हीवर एक इंग्लिश पिक्चर बघत बसलेलो. हॉलमार्क चॅनलचे असतात ना, तसला, टीव्हीसाठीच बनवलेला. हे पिक्चर दोन-तीन आठवड्यांत शूट करून मोकळे होतात, बरेचसे कॅनडात, आणि मधे जाहिराती असतात म्हणून प्रत्येक ब्रेकच्या आधी गुपित फुटता फुटता राहतं, आपण चॅनल बदलत नाही. स्टोरी काय, तर हिरोइन लग्नाचे केक बनवते आणि तिच्या हाताखाली काम करणारा पोरगा म्हणजे खरं तर नवरीचा श्रीमंत भाऊ, नाव बदलून आलेला. आई अर्ध्यातच म्हणाली, अरे हे तर सौभद्र!

आई गिरगावातली, साहित्य संघात लहानपणी बघितलेलं तिने. किर्लोस्करांचं १८८२ चं नाटक पण तिला काल बघितल्यासारखं आठवतं. बलरामाने सुभद्रेचं लग्न दुर्योधनाशी ठरवलेलं, अर्जुन संन्यासी बनून येतो, आणि बलराम स्वतःच बहिणीला त्या स्वामींच्या सेवेला लावतो. कृष्णाला सगळं माहीत. पण बघ ना, सुभद्रेच्या मनात अर्जुनच असतो, त्यामुळे वेष उतरला की तिला हवं तेच मिळतं, तिचं काही जात नाही. म्हणून ते लपवणं गोड वाटतं.

पिक्चरमध्ये तसं नव्हतं. लग्नाच्या आदल्या रात्री नवरीची मावशी सगळ्यांसमोर बोलून जाते. हिरोइनच्या हातात क्रीमची पिशवी, केकवर अर्धंच नाव काढून झालेलं. ती ओरडली नाही की रडली नाही, पिशवी खाली ठेवली, हात पुसले आणि एवढंच विचारलं की अजून कोणाकोणाला माहीत होतं. पुढे दहा मिनिटांत त्यांचं जुळलं, ते मला अजिबात पटलं नाही. पण तो प्रश्न डोक्यातून जाईना.

कारण पक्या, तुझी नोकरी गेली हे तुझ्या घरच्यांनंतर फक्त मला माहीत आहे. परवा दादरला पुलावर आमच्या होणाऱ्या वहिनी भेटल्या, डोंबिवली फास्ट पकडायच्या घाईत, तरी थांबल्या. म्हणाल्या, "त्यांना ऑफिसात हल्ली खूप काम असतं का हो? आवाज दमलेला वाटतो." मी "हो, असेल" म्हणालो आणि गर्दीत शिरलो. घरी येईपर्यंत नुसती लाज वाटत होती. मला तुझा कृष्ण व्हायला जमत नाहीये रे.

अरे नोकरी गेली त्यात तुझा काय दोष, अख्खी टीम काढली त्यांनी. हे वहिनी नक्की समजून घेतील. पण दोन महिने तू रोज सकाळी "निघालो ऑफिसला" असा मेसेज टाकतोस, ते त्यांना तुझ्याच तोंडून कळू दे, तुझ्या काकांकडून किंवा हॉलवर कोणाकडून तरी नको. पत्रिकेचं प्रूफ तू पाठवलंस, छान आहे, पण छापायला टाकायच्या आधी बोल.

शनिवारी दादरला ये. त्यांना पण बोलव, आधी आपण चहा घेऊ, मग मी निघतो, तुम्ही दोघं शिवाजी पार्कला कट्ट्यावर जाऊन बसा. तुझं बोलून होईपर्यंत मी तिथेच आसपास असेन, लागलो तर फोन कर.

तुझा,
बाळ्या

ता.क. आईने तुला जेवायला बोलावलंय, वहिनींना घेऊनच ये म्हणाली.