वाकलेल्या आलेखाविषयी

ता. वणी, जि. यवतमाळ

चि. वैष्णवीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र परवा मिळाले. स्ट्रॉन्शियम-90 या किरणोत्सारी पदार्थाच्या स्रोतावर अॅल्युमिनियमचे पत्रे एकावर एक चढवत तू गायगर काउंटरवर, म्हणजे किरणोत्सारी कण मोजणाऱ्या यंत्रावर, जी मोजणी घेतलीस, तिचा सेमी-लॉग (एक बाजू लॉगरिदमने आखलेल्या) कागदावरचा आलेख सरळ न येता मध्येच वाकला, म्हणून दोन-तीन नोंदी ‘सुधारून’ घ्याव्यात का, असे तू विचारले आहेस. घेऊ नकोस. तुझा आलेख तसाच यायला हवा.

स्ट्रॉन्शियम-90 त्या डबीत एकटे नसते. त्याच्या ऱ्हासातून यिट्रियम-90 तयार होते आणि त्याचे अर्धायुष्य (निम्मे अणू ऱ्हास पावायला लागणारा काळ) केवळ 64 तासांचे असल्यामुळे जुन्या स्रोतात दोघांचे ऱ्हास एकाच गतीने चालू असतात. स्ट्रॉन्शियमच्या बीटा कणांची, म्हणजे ऱ्हासात बाहेर पडणाऱ्या वेगवान इलेक्ट्रॉनांची, कमाल ऊर्जा 0.546 एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट), तर यिट्रियमच्या कणांची 2.28 एमईव्ही. अॅल्युमिनियममध्ये पहिल्यांचा पल्ला, म्हणजे ते जास्तीत जास्त जाऊ शकतात ते अंतर, पाऊण मिलिमीटरही भरत नाही, दुसऱ्यांचा सुमारे 4 मिलिमीटर असतो. ऊर्जा साधारण चौपट, पण पल्ला जवळजवळ सहापट. मंदावलेला इलेक्ट्रॉन प्रत्येक अणूजवळ अधिक वेळ रेंगाळतो आणि तेवढ्याच वाटेत अधिक ऊर्जा गमावून बसतो, म्हणून कमी ऊर्जेचे कण इतक्या लवकर अडतात. तुझ्या आलेखाचा सुरुवातीचा तीव्र उतार स्ट्रॉन्शियमचा आणि वाकल्यानंतरचा सौम्य उतार यिट्रियमचा आहे.

खरे तर एकाच मूलद्रव्याचा स्रोत असता, तरी ती रेषा शेवटपर्यंत सरळ आली नसती. गॅमा किरणांचे घातांकी शोषण, म्हणजे दर समान जाडीमागे समान प्रमाणात घट, हा नियम आहे; सेमी-लॉग कागदावर ती सरळ रेषा दिसते. बीटाच्या बाबतीत तो निव्वळ योगायोग म्हणावा लागेल. ऱ्हासाची ऊर्जा इलेक्ट्रॉन आणि त्याच्यासोबत निघणारा प्रतिन्यूट्रिनो हा कण यांच्यात दर वेळी वेगळी वाटली जाते, त्यामुळे कण शून्यापासून कमाल ऊर्जेपर्यंत सर्व ऊर्जांचे निघतात, वाटेत वेडेवाकडे विखुरतात, आणि या सगळ्याची बेरीज बऱ्याच अंतरापर्यंत घातांकी वक्रासारखी दिसते. पल्ल्याच्या टोकाशी मात्र आलेख खाली कोसळतो.

जाडी मिलिमीटरऐवजी मिलिग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटरमध्ये का लिहायची, हे तुला पटलेले दिसत नाही. लहानपणी तू बंडीत उभी राहून कापूस तुडवत होतीस, ते आठव. थर कमरेवरून गुडघ्यापर्यंत खाली यायचा, पण बंडीच्या तळाच्या प्रत्येक हातभर जागेवरचे वजन तेवढेच राहायचे. खालून वर जाणाऱ्या बीटा कणाला दोन्ही वेळा जवळजवळ तेवढेच इलेक्ट्रॉन आडवे आले असते. हायड्रोजन सोडला, तर बहुतेक पदार्थांत दर ग्रॅममागे इलेक्ट्रॉनांची संख्या फारशी बदलत नाही, त्यामुळे वजन कळले की शोषणाचा अंदाज बांधता येतो.

माझ्या कागद कारखान्यातल्या नोकरीत याच वजनाला आम्ही जीएसएम (ग्रॅम प्रति चौरस मीटर) म्हणत होतो; 10 जीएसएम म्हणजे तुझा 1 मिलिग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर. धावत्या कागदाच्या खाली क्रिप्टॉन-85 चा स्रोत आणि वर शोधक असे. त्याची कमाल ऊर्जा 0.687 एमईव्ही असल्याने 60 जीएसएमचा कागद ढोबळमानाने पाचवा भाग कण अडवतो, आणि एवढा फरक मोजायला सोयीचा असतो. तिथे यिट्रियमचे कण वापरले, तर शंभरातले जेमतेम चार-पाच अडतील आणि कागद पातळ झालेला कळणारही नाही. उलट प्रोमेथियम-147 चे 0.225 एमईव्हीचे कण पातळ कागदाला उत्तम, पण 500 जीएसएमच्या पुठ्ठ्यातून त्यांच्यापैकी जवळजवळ काहीच पलीकडे निघत नाही.

एका मे महिन्यात यंत्र कागद हलका दाखवू लागले. मी दोन पाळ्या लगद्याचे प्रमाण वाढवत राहिलो आणि प्रयोगशाळेच्या तराजूवर तोच कागद जड भरला. चूक माझीच होती, कारण स्रोत आणि शोधक यांच्यामधली हवाही वजन धरून असते, हे मी विसरलो होतो. एक सेंटिमीटर हवा म्हणजे सुमारे 12 जीएसएम. हिवाळ्यातल्या 15 अंशांवरून उन्हाळ्यातल्या 45 अंशांवर गेले, की हवा सुमारे 9 टक्क्यांनी विरळ होते, म्हणजे दर सेंटिमीटरमागे एक जीएसएमहून अधिक फरक पडतो. त्या फटीची शून्य नोंद, म्हणजे मध्ये कागद नसतानाची, मी थंडीतल्या पहाटे घेतलेली होती! तेव्हा तुझ्या काउंटरच्या नळीसमोरची हवा आणि नळीच्या तोंडावरचा अभ्रकाचा पापुद्रा, दोन्ही एकूण जाडीत मिळव.

शेवटी आलेखाची जी आडवी शेपटी उरते, ती बरीचशी पार्श्वभूमीची, म्हणजे स्रोत नसतानाही येणारी, मोजणी असते आणि थोडे क्ष-किरण असतात. इलेक्ट्रॉन अणुकेंद्राजवळ अचानक वळला, की ते निघतात, आणि जड मूलद्रव्यात अधिक निघतात. म्हणूनच जोरदार बीटा स्रोताला आधी अॅक्रिलिकची आड देतात आणि शिसे त्याच्या बाहेर लावतात. स्रोत दूर ठेवून किमान दहा मिनिटे पार्श्वभूमी मोज, ती प्रत्येक नोंदीतून वजा कर आणि आलेख नव्याने काढ.

दिवाळीला येशील तेव्हा ती वही सोबत आण, मलाही तो वाक एकदा पाहायचा आहे.

तुझे,
बाबा