बांधाची पाहणी लावणीत नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळी सुट्टीनंतर तालुक्याचं कोर्ट उघडलं आणि आमच्या हद्दीच्या दाव्यात आदेश झाला. कोर्ट कमिशनरने, म्हणजे कोर्टाने पाहणीसाठी नेमलेल्या वकिलाने, ३१ जुलैपर्यंत जागेची पाहणी करून अहवाल द्यायचा आणि ऑगस्टपासून साक्षीपुरावा सुरू करायचा. या तारखांचा फेरविचार व्हावा म्हणून मी वकिलांमार्फत अर्ज दिला आहे. दावा न्यायप्रविष्ट आहे, तेव्हा बांध कोणी कोरला याबद्दल इथे चकार शब्द लिहिणार नाही. ते कोर्ट बघेल. पण तारखेचा प्रश्न माझ्या एकटीचा नाही, कोकणात भातशेतीवरून कोर्टात गेलेल्या कोणाचाही तो होऊ शकतो, म्हणून हे पत्र.

कमिशन, म्हणजे ही पाहणी, मीच मागितली होती. अर्ज दिला तेव्हा शेत कोरडं होतं, चपला न काढता या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरता आलं असतं. मग समोरच्यांचं म्हणणं, मग युक्तिवाद, मग सुट्टी. मंजुरी मिळाली तेव्हा मृग लागला होता.

आमचे कुणगे, म्हणजे बांध घातलेले भाताचे वाफे, उताराला आहेत, एकाखाली एक. मे महिन्यात मधला बांध उघडा पडलेला असतो. जुन्या बांधाची माती दगडासारखी घट्ट असते, गवताची मुळं आत खोल गेलेली असतात. जिथे कुदळ लागलेली असते तिथे तीच मुळं तुटून बाहेर लोंबतात आणि पायाचे जांभ्याचे धोंडे उघडे पडतात. बांध काही एका रात्रीत कोरला जात नाही, दर वर्षी टीचभर जातो. सवयीच्या डोळ्याला ते चटकन कळतं आणि शहरातून आलेल्या वकिलालाही बोट ठेवून दाखवता येतं.

लावणीच्या आधी मात्र प्रत्येक जण बांध साफ करतो, कुर्ल्यांची बिळं बुजवतो आणि पाणी झिरपू नये म्हणून वरून चिखल लिंपतो. मी लिंपते, समोरचेही लिंपतात. न लिंपून सांगतो कोणाला? कुणग्यात पाणीच राहणार नाही. यात कोणाची लबाडी नाही, पण जुलैत कमिशनरसाहेबांना दिसेल तो आठवड्यापूर्वी लिंपलेला चिखल. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यात जुलैचा वाटा सर्वांत मोठा. अशा दिवसांत छत्री सांभाळत, नुकत्या लावलेल्या रोपांतून वाट काढत कोण काय टिपून घेणार? नवा बांध पायाखाली फुटला तर त्याचं वेगळंच भांडण.

कोणी म्हणेल, हल्ली रोव्हरने, म्हणजे उपग्रहावरून जागा ठरवणाऱ्या यंत्राने, मोजणी होते, पावसाचा काय संबंध? रोव्हर बांध आज कुठे आहे ते अचूक सांगेल. पण आमचं वाटप आजोबांच्या वेळचं, तोंडी. वाटणीतला वेगळा तुकडा, म्हणजे पोटहिस्सा, नकाशावर आलेलाच नाही. पूर्वी बांध कुठे होता ते त्या मुळांवरून आणि धोंड्यांवरूनच काढावं लागणार.

दावा २०१६चा आहे. जुना दावा निकाली काढण्याची न्यायाधीशांना घाई असेल तर मी तक्रार कशी करू? दहा वर्षं तारखांना हेलपाटे मीच घालते आहे. पण पुसट अहवाल आला की त्यावर हरकती येणार, कमिशनरची उलटतपासणी होणार आणि कोर्टाचं समाधान झालं नाही तर फेरचौकशी. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २६, नियम १० मध्ये ही सगळी सोय आहे. चार महिने वाचवायला जावं आणि दोन वर्षं घालवून बसावं, असा हा हिशेब.

कायद्याची अडचणही वकिलांनी समजावून सांगितली. त्याच संहितेच्या कलम १४८ खाली कोर्टाने दिलेली मुदत वाढते ती एकूण ३० दिवसांपर्यंत. ३१ जुलैला ३० दिवस जोडले तरी ऑगस्टअखेर, म्हणजे शेतात उभं भात. परंतु सेलम अॅडव्होकेट बार असोसिएशनच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली स्पष्ट केलं आहे की, पक्षकाराच्या हाताबाहेरचं कारण असेल तर कलम १५१ च्या अंगभूत अधिकारात ३० दिवसांच्या पुढेही मुदत देता येते. कोकणातला पाऊस हाताबाहेरचा नाही, असं कोणी म्हणू नये! शिवाय हा काही निकाल नव्हे, तारखांचा तक्ता आहे. तो बदलल्याने कोणाचा हक्क जात नाही.

समोरच्यांचं म्हणणं अजून आलेलं नाही. ते माझे चुलतदीर. कोर्टात एकमेकांकडे बघत नाही आम्ही, पण त्यांचीही लावणी त्याच दिवसांत आहे आणि तुडवली जाणार ती त्यांचीही रोपं. लेखी हरकत घेण्याआधी त्यांनी एकदा स्वतःच्या कुणग्याकडे बघावं.

माझी मागणी एवढीच की पाहणी नोव्हेंबरात, भात कापून झाल्यावर ठेवावी आणि साक्षीपुरावा अहवालानंतर लगेच घ्यावा. त्यानंतर मी एकही तारीख मागणार नाही, तसं अर्जात लिहूनच दिलं आहे. कमिशनची फी कोर्टात भरलेली आहे. ती तशीच राहू द्यावी.

आपली,
एक वादी, रत्नागिरी जिल्हा
(नाव छापू नये, ही विनंती.)